विजेवरचा वाफा

खताचा कणही न घालता, मातीत पुरलेल्या तारेतून हलकीशी वीज सोडून पालक वाढवायचा, या प्रयोगात संशोधक बाईंची तीन वर्षं गेली होती. यंदा तारेचा वाफा असा काही तरारला, की शेजारचा साधा वाफा त्याच्यापुढे अगदीच केविलवाणा दिसू लागला. पेपरात फोटो छापून आला, साहेबांनी पाठ थोपटली, पण बाईंना घास गोड लागेना. पेरणीनंतर दुसऱ्याच आठवड्यात तार मातीखाली तुटली होती. हे त्यांना कापणीच्या दिवशी कळलं, आणि त्यांनी तोंडातून ब्रसुद्धा काढला नव्हता.

शेवटी मनाचा हिय्या करून त्या साहेबांना खरं सांगायला निघाल्या, तर वाफ्यांना पाणी घालणाऱ्या मावशी दारातच रडवेल्या होऊन उभ्या.




“बाई, माझं चुकलं. एवढ्याशा कोवळ्या रोपांना दिवसभर शॉक बसतोय, म्हणून मला फार कीव यायची हो... मी दर आठवड्याला तुमच्या नकळत त्यांना चिमूटभर युरिया घालत होते.”