तीन थेंब

“भ्रूण ज्या द्रवात वाढतो, त्याच्या एका थेंबातले रेणू मोजले की भ्रूणाचा दर्जा कळतो,” नव्या यंत्राचा विक्रेता प्रयोगशाळेत छातीठोकपणे सांगत होता. बाहेर बसलेल्या बेचाळिशीच्या जोडप्याचे दोनच भ्रूण उरले होते. भ्रूणतज्ज्ञ बाईंनी क्रमांक घातलेले तीन थेंब यंत्रात ठेवले.

“पहिले दोन टाकाऊ, फेकूनच द्या,” विक्रेत्याने निकाल वाचला. “तिसरा मात्र शंभर नंबरी सोनं! आजच गर्भाशयात सोडा.”

“तिसऱ्या थेंबात भ्रूण कधी नव्हताच. तो नुसता कोरा द्रव आहे,” बाई म्हणाल्या.



विक्रेता जराही वरमला नाही. “मग बरोबरच आहे की, मॅडम! म्हणूनच तर त्यात एकही दोष सापडला नाही.”