मरळीचा तुकडा

पुनमला दिवस गेले आणि सारजाबाईंनी ठरवूनच टाकलं, यापुढे मोठी मरळ सुनेच्याच ताटात. पुनमचा नवरा कुरुळीला कंपन्यांच्या मागच्या ओढ्यात गळ टाकायचा. बारकी मासळी सारजाबाई स्वतःला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खा गं, दोन जिवांची हायेस."

बाळ सहा महिन्यांचं झालं तरी मान धरेना. मायलेकरांचं रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "पारा आहे. ओढ्यातल्या बारक्या माशांत तो थोडा थोडा असतो, पण त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशात साठत जातो."

सारजाबाईंनी नातवाची लुळी मान तळहातावर पेलली.



"मोठा मासा मी चाखलाबी न्हाई, डॉक्टर. समदा हिलाच वाढला."