विजयाची घंटा

"हिच्यापुढे आपली लाल गाडी म्हणजे बैलगाडी," ओत्तोरिनो बारमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला.

आमच्या गावच्या कारखान्यात शर्यतीच्या लाल गाड्या बनतात. ओत्तोरिनोनेही जन्मभर तिथंच काम केलं. पण रिटायर झाल्यावर पठ्ठ्याने बापाची द्राक्षबाग विकून दुश्मन कंपनीची जुनी गाडी आणली. दोनच सीट, आणि इंजिन पाठीला चिकटलेलं.

"ही दारात राहणार असेल तर मी बहिणीकडे राहते," बायको नोरीना म्हणाली, आणि खरंच गेली.

रविवारी दुपारी ओत्तोरिनो चर्चच्या चौकातून गाडी पळवत होता, तेव्हा कारखान्यातला त्याचा जुना सोबती रेमो ओरडला, "अरे, मागून धूर निघतोय."

"तुझ्या पोटात दुखतंय," म्हणत ओत्तोरिनोने आणखी जोरात हाणली.

पाठ भाजली तेव्हा तो उतरला. "फादर, माणसं बोलवा हो, माझ्याकडे एवढंच उरलंय," तो रडायलाच लागला.

फादरनी धावत जाऊन घंटा वाजवली. आमच्याकडे रविवारी दुपारी ती घंटा एकाच कारणासाठी वाजते. लाल गाडी जिंकली की.

सगळं गाव खिडक्यांत आलं. खाली दुश्मनाची गाडी जळताना दिसली, तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बहिणीच्या खिडकीतून नोरीनानेही वाजवल्या.