आपोआप सुरू झालेला पंप

कागद कारखान्याचे अधिकृत निवेदन असे: 'दुरुस्ती चालू असताना पंप आपोआप सुरू झाला.' दुरुस्ती करणाऱ्या टूरेने, मध्येच कुणी पंप सुरू करू नये म्हणून, त्याच्या स्विचला स्वतःचे कुलूप लावले होते, किल्ली त्याच्याच खिशात होती आणि अपघातानंतर ते कुलूप कापलेले सापडले. पंपाच्या अंगी एवढी कला असल्याचा उल्लेख निवेदनात नाही. टूरेचा उजवा हात गेला.

चौकशीत कामगारांची प्रतिनिधी गुनवोर थकल्या आवाजात म्हणाली, "हालवार, तू फोरमन ना? मग सांग, कटर काय पंपानेच चालवलं?"

हालवारची कबुली शब्दशः अशी: "पंप सुरू करायला कुलूप मीच कापलं. टूरे कॉफीला आला नाही, तेव्हा कुलूप विसरून घरी गेला असणार, असं मी धरून चाललो. त्याच्या वाटणीचा दालचिनीचा पावही मीच खाल्ला."