सुनेच्या नावाचा मसाला

"शनिवारच्या आत तुझ्या पुड्या बाजारातून उचल. नाहीतर कोर्टातच भेटू," विद्याधर म्हणाला.

जयवंताने खुर्ची पुढे ओढली. "आवाज खाली. मी काय तुझा नोकर नाही."

वकील शरच्चंद्र यांच्या घाटकोपरच्या खोलीत पंखा गरगरत होता, पण डोकी काही थंड होत नव्हती. भांडण एका नावाचं होतं. विद्याधरचा 'मृणालिनी मसाला' घाटकोपर-मुलुंडकडे पंधरा वर्षं खपत होता आणि ते नाव सरकारदरबारी रीतसर नोंदलेलं होतं. जयवंताचा 'मृणालिनी मालवणी मसाला' बोरिवलीत परवापरवा निघाला. संपात गिरणी गेली, तेव्हा त्याच्या बायकोने घरात मिरच्या कुटल्या आणि त्याने पुड्या दारोदार विकल्या. आता कुठे गाळा झाला होता. नाव गेलं तर गिऱ्हाईक जाणार आणि त्याला पुन्हा दारं ठोठवावी लागणार. नाव लावण्याआधी कुठे चौकशी करायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. घरचं नाव लावायला कुणाची परवानगी कशाला?

"बायकोचं नाव दिलंय मी मसाल्याला," तो म्हणाला. "ही बसलीय समोर. विचारा हिला."

"माहेरची मालन," त्याची बायको खाली बघत म्हणाली. "लग्नात मृणालिनी केलं."

विद्याधर हसला. "गिरणीवाल्याच्या घरात मृणालिनी? असली नावं ठेवतात तुमच्यात?"

"का? तुझ्या बापाने विकत घेतलीत?"

"पुरे!" शरच्चंद्रांनी टेबलावर हात आपटला. ते विद्याधरचे वकील, पण माणूस सरळ. "जयवंतराव, मी एकच बघणार. नाव तुमच्या घरातून आलं की यांच्या मालावरून उचललं? घरातलं असेल तर तुम्ही पुडीचा रंग बदला, वर आपलं आडनाव मोठं छापा, मी यांना गप्प करतो. उचललं असेल तर मात्र गाळ्याला कुलूप लागेपर्यंत मी सोडणार नाही."

जयवंताचा जीव भांड्यात पडला. चोरी त्याने केलीच नव्हती. नोटीस येईपर्यंत विद्याधरची पुडी त्याने डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्याच्या घरात वर्षाचा मसाला गावाहूनच यायचा. दुसऱ्या मसाल्याचं कालवण त्याच्या जिभेला कधी लागलंच नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

"नाव आईने ठेवलं," तो म्हणाला. "दहा वर्षं झाली. तेव्हा मी मिरचीचं देठसुद्धा मोडत नव्हतो. विचारा तिला."

कोपऱ्यात शेवंती बसली होती, जयवंताची आई. चेहरा कारल्यासारखा. येताना रिक्षात जयवंताने तिला दोनदा पढवलं होतं: विचारलं तर खरं तेवढं सांग, सुनेचं नाव मीच ठेवलं म्हणून. म्हातारीला भलताच राग आला होता. आता मी ठेवलेल्या नावाचं श्रेयसुद्धा ही सूनच घेणार की काय? सून आली त्या दिवसापासून दोघींचा छत्तीसचा आकडा. स्वतः ठेवलेल्या नावाने शेवंतीने सुनेला एकदाही हाक मारली नव्हती.

"आजी, सुनेचं नाव तुम्हीच ठेवलंत ना?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"मीच! हिचो काय संबंध?"

जयवंताने विद्याधरकडे ऐटीत पाहिलं. विद्याधरचा चेहरा पडला.

"ऐकलंत?" जयवंत म्हणाला. "आता रंग कुठला करू, बोला."

विद्याधर दातओठ खात उठला. "माझं समाधान नाही झालं. आजी, एवढं भारी नाव सुचलं कसं तुम्हाला?"

"भारीच ता!" शेवंती सरसावून बसली. सुनेकडे तिने जळजळीत पाहिलं. "नावाक शोभण्यासारख्या हिच्यात काय असा? माझी फसगत झाली, दुसरा काय!"

"आई, बस झालं," जयवंत म्हणाला.

"गप रे! त्या वर्षी गावच्या मसाल्याक बुरशी इली. ह्येका सांगलंय नाय, ह्यो जेवलो नसतो. तेव्हा आमी हयच घाटकोपराक ऱ्हवत होतव. वाण्याकडसून पुडी हाडलंय, तेच्यावर गोरीपान बाई. नाव वाण्यान वाचून दाखवल्यान, 'मृणालिनी'. मसालो एकदम झकास. माका वाटला, सूनय तशीच येतली."