मागच्या खोलीत कोण

"आन् ह्या मागच्या खोलीत कोण हाय?" चेअरमन नानासोंनी बंद दाराकडं बोट करून विचारलं.

"कोणी नाही साहेब," मानसिंग म्हणाला. "नुसतं मशीन आहे. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून कुलूप लावलंय."

खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कान मात्र तापले. खोलीत त्याच्याबरोबर काम करणारी नीलिमा होती आणि कुलूप त्यानंच लावलं होतं.

नव्व्याण्णव सालचा गळीत हंगाम तोंडावर आला होता. कऱ्हाड-सांगली रस्त्यावरच्या त्या साखर कारखान्याच्या सभागृहात नारळ फुटला होता, कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं होतं आणि ऊस लावणारे सभासद खुर्च्या भरून बसले होते. सभासदाचा नंबर टाकला की त्याच्या उसाला तोड कधी, ते पडद्यावर येणार होतं. सभागृहातल्या वेब सर्व्हरनं प्रश्न घ्यायचा आणि मागच्या खोलीतल्या दुसऱ्या मशीननं नोंदी चाळून उत्तर काढायचं, अशी योजना. मागच्या मशीनचा प्रोग्रॅम नीलिमानं लिहिला होता आणि तो बिनचूक चालत होता. दोन्ही मशीन जोडून द्यायचं काम मानसिंगनं मोठ्या तोऱ्यात स्वतःकडं घेतलं होतं. "मी बघू का?" असं तिनं दोनदा विचारलं, तेव्हा "तू तुझं बघ" म्हणून त्यानं तिला वाटेला लावलं. आणि जोडणी काही झाली नाही. दोन्ही मशीन आपापल्या जागी गुणाची, पण भावकीतल्या दोन घरांसारखी एकमेकांशी बोलायला तयार नाहीत.

मग झाकली मूठ सव्वा लाखाची. सकाळी त्यानं नीलिमाला आत बसवलं. सभागृहातल्या मशीनला जोडलेला एक जादा पडदा आणि कीबोर्ड आत ठेवला होता; त्यावर पुढून प्रश्न आला की तो तिनं वाचायचा, आपल्या प्रोग्रॅमला विचारायचा आणि मिळालेलं उत्तर हातानं टाइप करून पुढं धाडायचं. "आजच्या दिवस," तो म्हणाला होता. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला न्यायच्या नाहीत, हा नियम तिनं आजही पाळला. दाराबाहेर चपला काढून ती आत गेली.

पहिला नंबर केरबा नावाच्या शेतकऱ्याचा. तोड डिसेंबरात, असं पडद्यावर उमटलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मग दुसरा, तिसरा. एकही उत्तर चुकलं नाही. नानासोंनी मानसिंगच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला.

"लय भारी गड्या," ते म्हणाले. "मागं माणूस न्हाई, काय न्हाई, आन् फटाफटा सांगतंय."

तेवढ्यात त्यांची नजर शेवटच्या रांगेतल्या एका म्हातारीवर गेली. ती येसूबाई, नीलिमाची आई. सकाळी ती फाटकाशीच मानसिंगला भेटली होती आणि "नीलिमा कामात आहे, येईल, बसा" असं सांगून त्यानं तिला तिथं बसवलं होतं.

"मावशी, तुमी बी इचारा की. लाजू नका."

येसूबाई उठली. काखेत डबा होता. "मला ऊस न्हाई दादा. आमी मेढ्याकडचं, डोंगरातलं. माजी लेक हितं कॉम्प्युटरच्या कामाला आलीया, तिला बघाया आले. ती कुठं हाय, तेवढं त्येला इचारा."

लोक हसले. नानासोही हसले. "इचारा हो साहेब, मावशीचा मान ठेवा."

आता सांगून टाकावं, असं मानसिंगला वाटलं. बोटं मात्र चालली. त्यानं लिहिलं, 'नीलिमा कुठे आहे?'

उत्तराला वेळ लागला. नीलिमानं खरं लिहिलं तर चारचौघांत आपली लाज जाणार, हे त्याला कळत होतं. आणि तिनं ते लिहावं, असंही आत कुठंतरी वाटत होतं. मग पडद्यावर ओळ आली.

"काय म्हणतंय?" येसूबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

मानसिंगला ते मोठ्यानं वाचावं लागलं. "म्हणतंय, या नावाची कुठलीही नोंद नाही."

"बराबर हाय," नानासो म्हणाले. "सभासदच न्हाई, तर कुठनं सांगंल?" पुन्हा हशा झाला. मानसिंगला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच इतकी शरम वाटली की त्याला मान वर करवेना. नीलिमानं त्याला वाचवलं होतं. तेही स्वतःच्या आईसमोर.

लोक चहाला पांगले. येसूबाई बाहेर निघाली आणि जाता जाता मागच्या खोलीच्या दाराशी थांबली. तिथं लेकीच्या चपला होत्या. एकीच्या अंगठ्याला लाल दोऱ्याचा टाका होता, येसूबाईनंच घातलेला. तिनं दाराकडं पाहिलं, कुलपाकडं पाहिलं. मग खाली बसून तिनं वाकड्या पडलेल्या चपला सरळ लावल्या आणि डबा त्यांच्या शेजारी ठेवला.

मानसिंग धावत आला. "मावशी, मी..."

"मशिनीला ठावं न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "काम चाललं आसंल तिचं, आत्ता उठवू नगा. तेवढं सांगा, आई यिऊन गेली."

ती एसटी गाठायला निघून गेली. दारापलीकडं टाइप करायचा आवाज केव्हाच थांबला होता. किल्ली मानसिंगच्या खिशात होती, आणि हातातला नारळ कुठं ठेवावा हे त्याला कळेना.