तीस लाख ओहम

मालन गाण्याच्या स्पर्धेसाठी परगावी निघाली होती. दारातच तिने नवऱ्यापुढे खरं-खोटं तपासायचं यंत्र धरलं. हल्ली घरोघरी असायचं ते. खोटं बोललं की बोटांना घाम फुटतो आणि त्यातून जाणारा करंट वाढतो.

बिलंदर बापू तांडेलांनी बोटांवर आधीच डिंक वाळवला होता, म्हणजे घाम यंत्राला लागणारच नाही. आपल्यापायी तिची स्पर्धा बुडू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"हार्टचा रिपोर्ट?"

"एकदम झकास!"

मालनने आकडा पाहिला. "नऊ व्होल्टला तीन मायक्रोअँपिअर. भागा. तीस लाख ओहम! अहो, खरं बोलणाऱ्याचा हातसुद्धा इतका कोरडा नसतो. ऑपरेशन कधी?"

"सोमवारी," बापू पुटपुटले.

"स्पर्धा तर उद्याच आहे. गाऊन येते, मग ॲडमिट होऊ. तोवर जिना चढलात तर बघा!"